वगळलेलं घर

फाईल सापडली ती माझ्याच कागदांखाली. जेवणाच्या टेबलावर आठवडाभर मी जो पसारा मांडून बसले होते त्याच्या तळाशी, निळ्या पुठ्ठ्याची, वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर ‘तिसरा गट, दहा घरं’ असं लिहिलेली. तिच्यावर माझ्या अर्जासोबत जोडायच्या निवेदनाचा चौथा खर्डा होता, आणि त्या खर्ड्यात मी स्वतःच्या हाताने, घोटीव अक्षरात लिहिलं होतं की गल्लीची फिरती फाईल आमच्याकडे आली की मी ती त्याच दिवशी वाचते, शिक्का मारते आणि पुढच्या घरी पोचवते. यात आजवर एकदाही चूक झालेली नाही. शनिवार होता, सकाळचे साडेसात वाजत आले होते. बाहेर गुडघाभर बर्फ पडला होता आणि खालच्या वळणावरून शेजारच्या होन्माबाईंचा आवाज येत होता, “पाणी वर आलं! फावडी थांबवा, पाणी वर आलं!” मी नुकतीच आत आले होते, हातमोजे ओलेच होते. अर्ध्या तासापूर्वी मी आणि माझा नवरा त्सोग्त, आम्ही दोघांनी दारासमोरचा सगळा बर्फ रस्त्याकडेच्या नाल्यात लोटला होता, दर हिवाळ्यात लोटतो तसा, सातच्या ठोक्याला. आमच्या नागाओकात बर्फ असाच जातो. लोखंडी झाकण उचलायचं, बर्फ टाकायचा, खालून वाहणारं पाणी त्याला नदीत नेऊन सोडतं, फक्त सगळ्यांनी एकदम टाकायचा नाही. मी खर्डे बाजूला सारले, पुठ्ठा उघडला. पहिल्याच पानावर, चौकटीत, लिहिलं होतं की पंप दुरुस्तीला गेल्याने यंदा पाणी कमी सुटेल, म्हणून शनिवारपासून वरच्या सहा घरांनी सात ते साडेसात आणि खालच्या चार घरांनी साडेसात ते आठ याच वेळात बर्फ टाकावा. आमचं घर सातवं. फाईल रविवारी आली होती. आमच्या खालच्या तीन घरांनी ती पाहिलेलीच नव्हती, आणि आज चारही घरांनी जुन्याच वेळेला, वरच्यांच्या बरोबरीने, बर्फ टाकला होता.

पहिल्यांदा वाटली ती लाज, भीती तिच्या पाठोपाठ आली. आणि भीतीसोबत एक विचार आला, तोही सांगून टाकते, कारण तो आला होता. शिक्का समोरच होता. प्रत्येक घराने शिक्क्याशेजारी तारीख घालायची असते. परवाची घातली, बाहेरच्या गोंधळात फाईल आठव्या घरातल्या मारुयामांच्या पेटीत सरकवली, तर अडवणारं घर सातवं की आठवं, हे कोणाच्या बापाला कळलं नसतं. मी शिक्का उचललाही होता. पुढच्या बुधवारी कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज द्यायचा होता. तेरा वर्षं झाली मला या देशात, आणि दर तीन वर्षांनी रांगेत उभं राहून अजून तीन वर्षं मागायची, ती मिळाली की घरी येऊन नूडल्स करून खायच्या, असं चाललं होतं. आमची खुलान इथेच जन्मली, आठ वर्षांची आहे, माझ्याशी मंगोल बोलताना इथल्या बायकांसारखे हेल काढते. तिला आपण कुठल्या रांगेत आहोत हे कळायच्या आत ती रांग संपावी, एवढंच मला हवं होतं. निवेदनात लिहायचं होतं की मी या समाजात कशी मिसळून गेले आहे. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या इगाराशी आजी, वय एक्क्याऐंशी, त्या माझ्यासाठी एक पत्र देणार होत्या, शेजारीण म्हणून. आणि पाणी आता त्यांच्याच दारात चाललं होतं. मी आजची तारीख घातली, शिक्का मारला आणि फाईल छातीशी धरून बाहेर पडले.

माझा धंदाच मुळी चुका शोधण्याचा. मी पूल तपासते. गाडीच्या लांब हातावरच्या पाळण्यातून पुलाच्या पोटाखाली जायचं आणि छोट्या हातोडीने काँक्रीटवर टकटक करत सरकत राहायचं, वीतभर अंतराने, दिवसभर. भरीव असेल तर आवाज टणक येतो, आतून सुटलं असेल तर बद्द येतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तो कान मी नऊ वर्षांच्या नोकरीत कमावला, आणि तोच कान मी माणसांनाही लावत आले. उलानबातारहून इथे शिकायला आले तेव्हा एक वही केली होती. वस्तू दोन्ही हातांनी द्यायची, असं पहिल्या पानावर होतं. आमच्याकडे उजव्या हाताने देतात, डावा हात उजव्या कोपराला लावून. तो डावा हात अजूनही मधूनच कोपराकडे जाऊ बघतो आणि मी त्याला परत बोलावते. आपल्या पेल्यात आपण ओतायचं नाही. लिफ्टमध्ये शिरलं की बटणांशी उभं राहायचं. नवीन घरात गेलं की शेजाऱ्यांना टॉवेल वाटायचे. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही हे मात्र मला कोणी शिकवावं लागलं नाही, ते आमच्याकडेही आहे, आणि ते कळलं त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी आईला फोन केला. आई म्हणाली, “मग, माणसंच आहेत की ती.” एक वही भरली, दुसरी भरली. तिसरी आणलीच नाही. सगळं अंगवळणी पडलं असं मला वाटत होतं, आणि तसा पुरावाही होता, कारण सहा वर्षांत या गल्लीत मला कोणी एक वाकडा शब्द बोललेलं नव्हतं.

वळणावर बर्फ बोळा बसल्यासारखा तुंबला होता आणि काळं पाणी झाकणांवरून इगाराशी आजींच्या दारात शिरत होतं. गटप्रमुख त्सुचिदा, पोस्टातून निवृत्त झालेले, आमच्या लगेच वरच्या, सहाव्या घरातले, कंबरेपर्यंत भिजून पहारीने बर्फ फोडत होते. मारुयामा होते, होन्मा नवरा-बायको होते, आमचा त्सोग्तही धावत आला होता. मी सरळ त्सुचिदांसमोर गेले, फाईल दोन्ही हातांनी पुढे केली आणि वाकले. “माझ्यामुळे झालं. फाईल माझ्याकडे राहिली. सहा दिवस.” वाकलेलीच राहिले. वरून काहीतरी पडेल असं मला वाटत होतं, एखादा शब्द, एखादा नुसता सुस्कारासुद्धा चालला असता.

“छे छे, नारासान, असं मनात आणू नका,” त्सुचिदा म्हणाले. माझं नाव नारमंदाख, ते इथे कोणाच्या जिभेला वळत नाही, म्हणून नारा, आणि पुढे मानाचं ‘सान’. “एवढं बारीक अक्षर, आमचंच आम्हाला लागत नाही. चूक माझी आहे. मी स्वतः येऊन तुम्हाला समजावून सांगायला हवं होतं.”

“खरंच हो,” होन्माबाई म्हणाल्या. “परक्या देशात राहायचं म्हणजे काय खायचं काम आहे? मी तर दोन दिवसांत पळून आले असते.”

मारुयामा माझ्याशी नेहमीच एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने बोलतात. “नारासान. काळजी. नको. पाणी. उतरेल.” आणि हाताने पाणी उतरल्याची खूण करून दाखवली.

मी याच अक्षरांत चाळीस-चाळीस पानांचे अहवाल लिहिते. हा माणूस ज्या पुलावरून रोज मासे धरायला जातो, तो पडणार नाही अशी सही त्या अहवालाखाली माझी आहे. पण ते मनात आलं ते नंतर. तेव्हा मी फक्त ऐकत होते, आणि जे ऐकू येत होतं ते बद्द होतं. तिघांपैकी कोणाच्याही तोंडून आलेला शब्द टणक नव्हता. रागावलं तर हिला लागेल, आणि लागून उपयोग काय, असं काहीतरी त्या मऊपणाच्या आत सुटं पडलेलं होतं, आणि मला लख्ख कळलं की ते आजचं नाही, सहा वर्षांचं आहे. मी ज्याला माझं यश समजत होते ती यांची माफी होती, आगाऊच दिलेली. मला एकदम गावाकडची शेजारीण दुल्मा आठवली. मी सात वर्षांची असताना आमच्या मेंढवाड्याचं फाटक उघडं टाकून झोपले होते आणि सकाळी आमची मेंढरं दुल्माच्या कळपात मिसळून गेली. ती दोन कोस घोडा मारत आली. आमच्याकडे दार वाजवायची पद्धत नाही. लांबूनच कुत्रं धरा म्हणून ओरडायचं आणि आत यायचं. ती आत आली, माझा कान धरून मला उभं केलं आणि माझ्या पणजीपासून सुरुवात करून जे काही बोलली ते मला अजून पाठ आहे. मग खाली बसली, मिठाचा चहा तीन वाट्या प्यायली, आणि संध्याकाळपर्यंत माझ्याबरोबर उन्हात उभी राहून एकेक मेंढरू वेगळं करत राहिली. मला त्या दिवशी खूप रडू आलं होतं. पण मी कुणाची कोण, असा प्रश्न मात्र पडला नव्हता.

तासाभराने बर्फ फुटला, पाणी उतरलं. फाईल परत हातात घेतली, ती निदान आता तरी खालच्या घरी द्यावी म्हणून, तर पुठ्ठ्यातून तिसरं पान निसटलं. पुढच्या वर्षीच्या गटप्रमुखाची नेमणूक होती. गटप्रमुखाचं काम घरांच्या क्रमाने फिरतं, हे मला माहीत होतं: पहिलं घर, दुसरं, तिसरं. यंदा त्सुचिदा, सहावं घर. पुढच्या ओळीत होतं: आठवं घर, मारुयामा. मी ते तीनदा वाचलं. “त्सुचिदासान,” मी म्हटलं, “इथे आमचं घर राहिलंय.”

त्यांनी पहार खाली ठेवली, हातमोजे काढले, पुन्हा घातले. “राहिलेलं नाही. तुम्हाला उगाच त्रास नको, म्हणून गटाने ठरवलं होतं. फार चांगल्या मनाने ठरवलं होतं हं.”

“कधी?”

“तुम्ही राहायला आलात, त्याच महिन्यात.”

म्हणजे मी टॉवेल वाटत होते तेव्हा. नऊ घरांना नऊ टॉवेल, त्यावर लाल पट्टीचा कागद गुंडाळून, घडी कशी घालायची ते चार वेळा पाहून. टॉवेल घेऊन सगळे वाकले होते, आणि महिन्याच्या आत बसून त्यांनी माझं घर मोजायचं सोडून दिलं होतं. मला रडू आलं नाही, राग आला. इथे आल्यापासून एवढा शुद्ध राग मला आला नव्हता, आणि गंमत म्हणजे त्या रागाने मला जरा बरं वाटलं.

इगाराशी आजींच्या दारात चपला-बूट तरंगून एका कोपऱ्यात गेले होते. खालच्या फरशीवर भिंतीला लावून ठेवलेल्या तांदळाच्या दोन पोत्यांपैकी खालचं अर्ध्याच्या वर भिजलं होतं. आजी वरच्या लाकडी पायरीवर पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. बाकीचे होते तोवर त्यांनी ब्रसुद्धा काढला नाही, सगळ्यांना “आभारी आहे, आभारी आहे” म्हणून वाटेला लावलं. मी सुपलीने पाणी बाहेर फेकत होते. दार बंद झालं तशा त्या म्हणाल्या, “सहा दिवस!”

मी सुपली थांबवली.

“अगं, फाईल म्हणजे काय लोणचं आहे, मुरत ठेवायला? सहा दिवस! हा तांदूळ माझ्या भावाने पाठीवर आणून टाकलाय. शहात्तर वर्षांचा आहे तो. त्याला काय सांगू, पुलाच्या इंजिनीअर बाईंनी वाहवला? एवढी शिकलेली, आणि एक पान उलटायला सवड नाही! करत काय होतीस सहा दिवस?”

“निवेदन लिहीत होते. मी कशी मिसळून गेलेय ते.”

“कशात मिसळलीस ते दिसतंच आहे. पाण्यात.” आणि मग, “हसतेस काय?”

“नाही हसत.”

“हसतेयस. डोळ्यांतून पाणी काढतेयस आणि हसतेयस. एक काहीतरी कर.” त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आतून एक पाकीट घेऊन आल्या. “हे तुझं पत्र. काल ब्रशने लिहिलं, हात दुखला. यात काय लिहिलंय माहितीये? ही बाई सहा वर्षांत एकदाही चुकली नाही. आता हे कसं देऊ तुला? या वयात सरकारला खोटं लिहू?” आणि माझ्यादेखत ते त्यांनी उभं फाडलं, मग आडवं फाडलं.

बुधवारच्या अर्जातला माझा सगळ्यात भक्कम कागद समोर चार तुकडे होऊन पडला होता. तरीही त्या घरात मला पहिल्यांदाच मोकळा श्वास घेता येत होता. मी विचारलं, “आजी, आमचं घर यादीतून वगळलंय, ते तुम्हाला माहीत होतं?”

“होतं. हात वर केला होता मीही.”

“का?”

“वाटलं, दोन वर्षांत जाल. तुमच्याआधी त्या घरात दोघं आले, दोघं गेले. मग तिसऱ्यांदा नव्या माणसांना सगळं शिकवायला कोण तोंड उघडणार? गप्प राहणं सोपं पडलं.” त्या पोत्याकडे बघत राहिल्या. “सोपं पडलं, एवढंच. आता ते पोतं उचल. भिजलेला तांदूळ ठेवता येत नाही. उद्या गटाची वर्षाची सभा आहे ना, तिथे शिजवायचा. सगळा. तू शिजवायचा.”

“आणि पत्र?”

“आधी तांदूळ.”

दुपारी त्सोग्त टेबलाशी बसून माझा पाचवा खर्डा वाचत होता. तो गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करतो, त्यामुळे कुठलीही चेपलेली गोष्ट आतून ठोकली की सरळ होते, असा त्याचा विश्वास आहे. वाचता वाचता त्याने मान वर केली. “नारा, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? अधिकाऱ्याला आपणहून सांगतेयस, मी शेजारणीच्या घरात पाणी घातलं?”

“घातलंच आहे.”

“हो, पण त्याला कोण सांगणार आहे? तू फक्त आधीच्या खर्ड्यातलं ते ‘एकदाही चूक झाली नाही’ काढ. काढलं की झालं. खोटंही नाही, खरंही नाही.”

“तेच तर. बद्द वाजतं.”

“वाजू दे. पूल आहेस का तू?” मग त्याने खर्डा खाली ठेवला. आतल्या खोलीत खुलान स्वतःशीच गाणं म्हणत होती. “आणि यावरून नाही म्हणाले तर?”

मी म्हटलं, “मग परत तीन वर्षं मागू. पण त्सोग्त, त्या कागदावरची बाई मला ओळखू येत नाही. ती कधी चुकत नाही, कोणी तिला काम सांगत नाही, कोणी तिच्यावर ओरडत नाही. ती इथे राहतच नाही. तिला परवाना मिळाला तर तो मला कसा मिळाला?” आणि मी उद्याच्या सभेत काय मागणार आहे ते त्याला सांगितलं.

तो खुर्चीवरून मागे रेलला आणि हसत सुटला. “तू? गटप्रमुख? अगं, दाराची घंटी वाजली की न्हाणीघरात जाऊन लपतेस तू!”

ते खरं आहे. अनोळखी माणसाशी पहिलं वाक्य बोलायचं म्हटलं की माझ्या तळहातांना अजून घाम फुटतो.

रविवारी सकाळी गल्लीच्या सभागृहातल्या स्वयंपाकघरात मी तो बिनसडीचा तपकिरी तांदूळ चार पाण्यांनी धुऊन दोन मोठ्या पातेल्यांत शिजवला. इगाराशी आजी स्टुलावर बसून पाणी जास्त झालं, पाणी कमी झालं, असं दोन्ही म्हणत होत्या. होन्माबाई मदतीला आल्या, मीठ लावून गोळे वळायला लागल्या, माझा गोळा पाहून “वा, किती छान जमलं हो तुम्हाला” म्हणाल्या. आजींनी तो माझ्या हातातून घेतला, दाबला, तो फुटला. “छान कुठे? सैल आहे. घट्ट दाब, चटका बसला तर बसू दे.” होन्माबाई माझ्याकडे बघायच्या बंद झाल्या, लाजेने, माझ्या वतीने. मी घट्ट दाबला. चटका बसला.

दहाही घरांतली माणसं चटयांवर बसून गोळे खात होती. यंदा बर्फ लवकर पडला, पंप केव्हा येणार, असं चाललं होतं. शेवटी त्सुचिदांनी पुढच्या वर्षीची नेमणूक वाचून दाखवली आणि विचारलं, कोणाचं काही म्हणणं नाही ना, तसं ते दर वर्षी विचारतात. दर वर्षी कोणाचंच काही नसतं. माझे तळहात ओले झाले होते. मी म्हटलं, “आहे. सहाव्यानंतर सातवं घर येतं. पुढच्या वर्षी आमचा नंबर आहे.”

सभागृहात शेगडीवरच्या किटलीचा आवाज तेवढा राहिला. मला वाटलं, संपलं. इथे शांततेनेच नकार देतात, ते माझ्या पहिल्या वहीत होतं.

“पण नारासान,” त्सुचिदा म्हणाले, “तुमची नोकरी, लहान मूल. आणि फोन येतात हो. वेळी अवेळी येतात. माणसं काहीही बोलतात.”

“मला तेच हवंय,” मी म्हटलं. “मला काहीही बोला. काल माझ्या चुकीने आजींचा तांदूळ भिजला. तुमच्यातल्या कुणाकडून फाईल राहिली असती तर तुम्ही त्याला सोललं असतं. मला तुम्ही समजून घेतलंत. सहा वर्षं समजूनच घेताय. मला वाटायचं, मी फार चांगली वागते.” पुढचं पाठ करून आले होते ते सगळं विसरले. “माझं घर मोजा,” एवढंच म्हटलं.

कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. मग इगाराशी आजींनी तोंडातला घास संपवला. “पाणी माझ्या घरात आलं होतं. ओरडायचा मान माझा. मी ओरडले, झालं. आता तुमचं काय अडलंय? जे घर आपलं नुकसान करू शकतं त्याला काम देता येत नाही होय? हात वर करा.” आणि स्वतःचा केला. त्सुचिदांचा गेला, वरच्या घरांचे एकेक करून गेले, होन्मांचे गेले. मारुयामा बोटांवर काहीतरी मोजत होते. “म्हणजे माझं एक वर्ष पुढे गेलं?” त्यांनी मला विचारलं.

“गेलं,” त्सुचिदा म्हणाले.

“मग दोन्ही हात,” म्हणून त्यांनी दोन्ही वर केले, आणि सगळे हसले. मीही हसले. हसताना लक्षात आलं की ते माझ्याशी शब्द जोडून, इतरांशी बोलतात तशा घाईत बोलले होते.

मंगळवारी इगाराशी आजींनी नवीन पत्र दिलं. पाकीट उघडं होतं. “वाच,” त्या म्हणाल्या, “नंतर तक्रार नको.” ब्रशचं अक्षर मोठं, जरा थरथरतं. ‘मी सातव्या घरातल्या नारमंदाख या बाईंना सहा वर्षं ओळखते. या हिवाळ्यात त्यांनी गल्लीची फाईल अडवली आणि माझा तांदूळ भिजवला. त्यांनी स्वतः येऊन सांगितलं आणि तो शिजवला. पुढच्या वर्षी आमच्या गटाच्या प्रमुख त्या आहेत. त्यांना कुठेही जाऊ देऊ नये. आमची अडचण होईल.’ मी ते दोनदा वाचलं. आभार कसे मानायचे हे मला चांगलं येतं, किती वाकायचं, किती वेळ. यातलं काहीच केलं नाही. आजींचा हात धरून बसून राहिले, आमच्याकडे बसतात तशी.

बुधवारी सकाळी काळा कोट घालून, कागदांची पिशवी घेऊन मी निघणार तेवढ्यात घंटी वाजली. न्हाणीघराकडे एक पाऊल गेलंही माझं. दारात मारुयामा होते, गमबूट घातलेले, कपाळाला आठ्या. “हे काय चाललंय? कचऱ्याच्या जागेची जाळी सुटलीय, कावळ्यांनी अख्खी पिशवी रस्त्यावर पसरलीय, माशांची डोकी लोळतायत माझ्या दारात! बघायचं कोणी?”

“त्सुचिदासान—”

“ते दवाखान्यात गेलेत, कंबर धरलीय. तुम्ही ना गटप्रमुख?”

“मी एप्रिलपासून,” मी म्हटलं.

“कावळे थांबतायत का एप्रिलपर्यंत?”

माझी गाडी सात वाजून चाळीस मिनिटांची होती. मी पिशवी खुंटीला अडकवली आणि त्यांच्यामागून गेले. कोटाच्या बाह्या वर करून डोकी गोळा केली, जाळी ओढून घेतली, सुटलेल्या कोपऱ्याला दोरी बांधली. मारुयामा कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांनी वाकून दोरी ओढून पाहिली, मग जोर लावून ओढून पाहिली. ती हलली नाही. “ही कुठली गाठ?”

“आमच्याकडे घोड्याचे पुढचे पाय बांधतात हिने. रात्री लांब जाऊ नये म्हणून.”

“हं,” ते म्हणाले, आणि आणखी एकदा ओढली. “बाकीच्या तीन कोपऱ्यांनाही हीच मारा. आणि आटपा जरा, खालच्यांची बर्फाची वेळ झालीय.”

मी दुसऱ्या कोपऱ्याशी बसले. गाडी नंतरचीही होती.